ग्लिसरीन

नाइफ रोडला टॅक्सीतून उतरलं की
कॅमेरा आंधळा होतो.
आतल्या गारठ्यातून बाहेरच्या ऑगस्टात
काच एकदम दव धरते.
पुसायचं नसतं. दहा मिनिटं
नुसतं उभं राहायचं,
चाकांची बॅग पायाशी, थर्मोकोल काखेत.
समुद्र कुठे दिसत नाही,
पण मानेवरून ओघळत असतो.

दिवसाला पाच दुकानं.
पदार्थाचे अठरा दिरहम, सरबताचे बारा.
रिग्ग्याची मंदी, सतव्याचे मोमो,
त्सेहायबाईंचा इंजेरा
(त्याला दिवा बाजूनेच लावावा,
वरून लावला की भोकं मरतात).
करामात सोलापूरचे एक गृहस्थ
शेंगाचटणीकडे बघत म्हणाले,
"आणखी जरा भडक करता येईल का हो?"
येते. सगळं करता येतं.
कोथिंबिरीवर ग्लिसरीनचा फवारा,
मटणावर ब्रशने तेल,
ओला कापूस तापवून वाडग्याआड दडवला
की वाफसुद्धा.

कुंजहम्मदची कॅफेटेरिया सहा टेबलांची.
त्याने हंडीचं कणकेचं तोंड फोडायला घेतलं
आणि मी ओरडले, थांबा, दिवा लागायचाय.
थांबला तो.
एवढा मोठा माणूस, हातात उलथनं,
झाकणावर तळवा दाबून
झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा.
बाहेर दोन टॅक्सीवाले ताटकळत होते,
त्यांनाही त्याने डोळ्यांनीच दटावलं.

मग मी शितं चिमट्याने मांडली,
काजू दिसेल असा वळवला,
पुदिन्याला घाम फोडला.
"कैसा है?" त्याने विचारलं.
"एक नंबर," मी म्हटलं. रंगाबद्दल.
आत वेगळी ताटली वाढून ठेवली होती त्याने,
वर दुसरी ताटली पालथी.
मला अजून तीन दुकानं होती.
"पुढच्या वेळी नक्की," मी म्हटलं.
बॅटऱ्यांसारखे हे शब्दही
माझ्या बॅगेत जादाचे असतातच.

तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
शेजारचा शिंपी म्हणाला, गावी गेला.
पानवाला म्हणाला, छे, अजमानला.
भाडं थकलं होतं, यावर दोघांचं एकमत.

परवा मंगळवारी रात्री,
शारजाच्या खोलीत, दिवसभर अन्न बघून
पोटात काही नाही, अशी आडवी पडून
फोनवर अंगठा फिरवत होते, आणि ही समोर.
दुकानाचं नाव भलतंच. गाव अजमान.
बिर्याणी माझी.
म्हणजे त्याची. म्हणजे फोटो माझा.
खूण पटली ती चमच्यावरून:
चमच्याच्या खोलगटात, उलटी, डाळीएवढी,
माझी पिवळी ओढणी.
तेव्हा खोडायची राहून गेलेली.

तक्रारीचं बटण असतं.
मी दुसरं दाबलं.

पन्नास मिनिटांनी डबा आला.
झाकण उघडलं तर वाफ, कापसाशिवायची.
बारीक तांदूळ, बडीशेप, तळलेला कांदा,
कुठे तरी एक मनुका.
उभ्यानेच खाल्ली.
घास जिभेवर ठेवून आठवायचा प्रयत्न केला,
हा त्याचाच हात का?

आठवणार काय, कपाळ.
त्याच्या ताटातलं एक शीत
मी कधी तोंडात घातलं नव्हतं.
त्या शिताचा पत्ता मला ठाऊक होता,
तिरपा प्रकाश ठाऊक होता,
मीठ नाही.

तळापर्यंत खाल्ली. तरी कळलं नाही.
फोनने विचारलं,
"पदार्थ फोटोप्रमाणे होता का?"
खाली दोन चौकटी: होय, नाही.

बराच वेळ उजेड होता त्या दोन चौकटींचा.
मग तो आपोआप गेला.
मी डबा घासला,
प्लास्टिकचा, फेकून द्यायचा डबा,
आणि ओट्यावर पालथा घातला.